मीठ तिथलं आणि इथलं

जानेवारीत रजेवर देवगडला आलो, तर पहिल्याच संध्याकाळी काका म्हणाले, "स्टेअरिंग जरा ढिला लागता रे." मार्चपासून आंब्याच्या पेट्या भरून हीच जुनी पिकअप फोंडाघाट चढणार. मी लगेच पुढचं चाक उचललं. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी हात धरून हलवलं, तर खटखट. बारा आणि सहाला धरलं, तर चाक घट्ट, म्हणजे दोष स्टेअरिंगच्या जोडणीत. काकांना स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगून खाली वाकून पाहिलं. स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडच्या एंडचं, म्हणजे टोकाच्या सांध्याचं, रबर फाटलेलं, आत लाल धूळ, आणि ग्रीसचा पत्ता नाही.

हे काम मी मिशिगनमध्ये शिकलो. डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात. खारं पाणी शून्य अंशाखालीही लवकर गोठत नाही, ते गाडीच्या पोटाला चिकटून राहतं आणि लोखंड खातं. माझ्या वीस वर्षांच्या ट्रकखाली पहिल्यांदा शिरलो तेव्हा गंजाचे पापुद्रे तोंडावर पडले. गॅरेजची मजुरी सुट्या भागांहून जास्त, त्यामुळे तिथे पुष्कळ लोक ही कामं घरीच करतात. सुट्या भागांच्या दुकानात अनामत भरून पुलरसुद्धा, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार, उसना मिळतो. शेजारी मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. ते दोन शनिवार माझ्याबरोबर थंडीत जमिनीवर बसले. ते उपकार मी विसरणार नाही.

आमच्या खळ्यातली जमीन मातीची. जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घातली. काकांनी टेकूला जांभ्याचे चिरे आणले, ते मी परत ठेवायला लावले. जांभा सच्छिद्र असतो, भाराखाली कधी फुटेल सांगता येत नाही, आणि आपलं डोकं खाली असतं. गावातल्या गॅरेजमधून लोखंडी स्टँड मागून आणले, मागच्या चाकांना ओंडके लावले.

आधी आट्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी एंडला रॉडवर घट्ट धरणारा चेक नट सैल केला आणि रॉडची लांबी टेपने मोजून खडूने लिहिली. नट फिरू नये म्हणून त्यात घातलेली स्प्लिट पिन काढली, तो खाचांचा कॅसल नट सैल केला, पण चार आटे तसाच ठेवला, म्हणजे एंड सुटला तरी अंगावर पडत नाही. एंडची पिन निमुळती असते, त्याच मापाच्या भोकात आवळून बसलेली. पिनवर हातोडी मारून उपयोग नाही. ज्या आर्ममध्ये ती बसलेली असते त्याच्या बाजूवर मारायचं. तिसऱ्या घावाला सुटली.

"मेल्या, थंय जावन ह्या शिकलंस?" काका म्हणाले. मग स्वतःच शेजारी बसून फेरे मोजू लागले. जुना एंड १७ फेऱ्यांत बाहेर आला, नवा १७ फेरेच आत. नट आवळताना एंडची पिनच फिरायला लागली, तेव्हा खालून जॅकने एंड हलका वर दाबला आणि ती बसली. शेवटी स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही, तर नट थोडा आणखी आवळायचा, सैल कधीच करायचा नाही. जुनी स्प्लिट पिनही परत वापरायची नाही. ती दोन-पाच रुपयांची वस्तू असते, पण नट निघाला तर चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. फोंडाघाटात तसं झालं तर काय, हा विचार मला त्या दिवशी सतत होता.

दुसऱ्या बाजूचं काम दुपारच्या जेवणाआधी झालं. फेरे मोजले तरी चाकांचा कोन अचूक बसत नाही, टायर एका कडेने झिजत जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी सावकाश कणकवलीला जाऊन व्हील अलाइनमेंट करून घेतलं. येताना काका चालवत होते. नांदगाव तिठ्यापुढच्या सरळ रस्त्यावर त्यांनी क्षणभर पकड सैल केली, गाडी सरळ चालत राहिली.

परत येण्याआधी एंडवर बसणारे दोन जादा रबर बूट आणि ग्रीसचा डबा पडवीत ठेवून आलोय. पाऊस संपला की बूट तपासायचे, असं काकांनी कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिलंय.