डबा आपटला की तांदूळ बसतो, पण किती?

रविवारी मार्केट यार्डातून इंद्रायणी आणला, नेहमीच्या डब्यात ओतला तर शिगोशीग भरून वर वाटीभर उरलाच. आई म्हणाली, "अगं आपट ना जरा, बसेल तो." चार दणके दिले तर बोटभर खाली गेला, पुढच्या दहा दणक्यांत जेमतेम पेरभर, आणि मग कितीही आपटा, ढिम्म!

मला हे ढिम्म होणंच भयंकर आवडतं. शिकागो विद्यापीठात १९९५ साली काचेचे मणी नळीत भरून हजारो ठोके दिले होते, तर १० पासून १०० ठोक्यांत जेवढे मणी बसतात साधारण तेवढंच पुढे बसायला १००० लागतात, मग १०,०००. कारण सोपंय, लक्ष्मी रोडला गाड्यांची रांग लागलेली असते ना, तिथे आपली स्कूटर घुसवायला आधी दहा गाड्या इंच-इंच सरकवाव्या लागतात, आणि रांग जितकी गच्च तितक्या जास्त गाड्या एकदम सरकायला हव्यात. दाण्यांचंही तेच. बरं, दाणा आपला आपण हलत नाही, त्याला २ मिलिमीटर उचलायचं तर खोलीतल्या उष्णतेने अणूला जेवढा धक्का बसतो त्याच्या कोटी गुणिले कोटी पट ऊर्जा लागते. म्हणून आपटायचं.

अणूंना मात्र उष्णता सतत ढकलत असते, तरी एका मांडणीतून दुसरीत जायला लागणारी ऊर्जा, म्हणजे मधला घाट, उंच असला की तेही अडकतात. आणि हे गणित फार क्रूर आहे! समजा एक घाट ओलांडायला १० सेकंद लागतायत, घाट दुप्पट उंच केला तर २० सेकंद नाही, ३० लाखांहून जास्त वर्षं (अणू सेकंदाला लाख कोटी वेळा प्रयत्न करतो असं धरून). तांब्यात थोडं मँगनीज मिसळलं की असे लहानमोठे असंख्य घाट तयार होतात, कारण मँगनीजचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक, त्याला एक शेजारी म्हणतो माझ्यासारखा उभा राहा, दुसरा म्हणतो उलटा राहा, सगळ्यांचं मन राखणं शक्यच नाही. याला स्पिन ग्लास म्हणतात, इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जिओ पारिसी यांच्या २०२१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. तो थंड करून तासभर ठेवा नाहीतर दिवसभर, नंतर चुंबकीय क्षेत्र बदललं की दिवसभर ठेवलेला जास्त संथ वागतो, म्हणजे किती वेळ थांबलाय हे त्याच्यात उरतं.

दाण्यांतही हे दिसतं. दोन डबे अगदी सारख्याच पातळीला आलेत पण एक जोरात आपटून आणि एक हळू, तर पुढच्या सारख्याच ठोक्यांना दोघं वेगवेगळं वागतात. वरून बघून काही म्हणजे काही कळत नाही.

उरलेल्या वाटीभर तांदळाचा आईने रात्री मऊभात केला.