सरांनी ऐकवलेले शाहीर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र हाती पडले, तेव्हा कोणाविषयी लिहावे हा प्रश्न मला पडलाच नाही. आपल्या शाळेत थोर शिक्षक अनेक झाले आणि त्या सर्वांचे ऋण मी मानतो. परंतु आज मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, गोंधळी, वाघ्या-मुरळी आणि भारूडकार यांची गाणी मुद्रित करून प्रकाशित करतो, ते केवळ संगीताच्या सरांमुळे. आणि सरांची आठवण शाहीर साबळे यांच्या नावाविना पूर्ण होणे शक्य नाही.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की सर घरून आणलेला रेकॉर्ड प्लेअर जुन्या सभागृहातील टेबलावर मांडीत. तबकडी मऊ फडक्याने पुसताना ते शाहिरांचे चरित्र सांगू लागत. कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाईजवळच्या पसरणी गावी झाला. बालपणी हाती बासरी आली, पुढे शिक्षणासाठी अमळनेरला जावे लागले आणि तेथे साने गुरुजींचा सहवास लाभला. शालेय शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. मात्र गुरुजींचा संस्कार जन्मभर टिकला, हे सांगताना सरांचा आवाज दर वेळी जड होत असे. स्वातंत्र्यलढा, गोवा मुक्तिसंग्राम आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ या साऱ्यांत शाहिरांचा डफ कसा गाजला, हे इतिहासाच्या पुस्तकाआधी आम्हांला सरांकडून कळले.

सरांची शिकवण्याची रीत वेगळी होती. मुख्य गायकाकडे आमचे लक्ष आपोआपच जाई. म्हणून ते सुई उचलून पुन्हा मागे ठेवीत आणि केवळ मागून साथीचा सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांकडे कान द्यायला सांगत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रात्रभर रंगणारी कला एवढ्या वेळात बसवायची, तर गायकाला पहिल्याच शब्दाला पूर्ण ताकदीने उभे राहावे लागते, हे त्यांनी आम्हांला समजावले. कलावंताला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसवण्यापूर्वी आजही मी हेच सांगतो.

एका स्नेहसंमेलनाची आठवण विशेष ठसलेली आहे. शाहिरांनी घरोघरी पोहोचवलेले एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड आम्ही सादर करणार होतो. थंडीचे दिवस, मैदानात उघडा रंगमंच. दवाने डफाचे कातडे सैल पडले होते. प्रमुख पाहुणे येऊन बसले, निवेदकाने आमचे नाव पुकारले, तरी सर रंगमंचामागे उकिडवे बसून वर्तमानपत्राच्या जाळावर डफ शेकत राहिले. एकसारखा फिरवीत, मध्येच कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारीत, पुन्हा जाळावर धरीत. व्यवस्थापन पाहणाऱ्या एका शिक्षकांनी घाई केली, तेव्हा मान वर न करता सर म्हणाले, "शाहिरांचा डफ कधी मवाळ वाजलेला ऐकलाय का? मग आपला कसा चालेल?" अखेर तो खणखणीत आवाज आला, तेव्हाच त्यांनी डफ माझ्या हाती दिला. लोककला म्हणजे कसेही चालणारे काम, असा समज मला पुढे मोठमोठ्या स्टुडिओंत आढळला. माझ्या मनाला तो कधी शिवू शकला नाही.

'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' यांसारखी मुक्तनाट्ये आम्हांला पाहायला मिळाली नाहीत. 'महाराष्ट्राची लोकधारा' मात्र दूरदर्शनवर पाहिली. कोळीगीत, वासुदेव, गोंधळ, लावणी, भारूड असे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत विखुरलेले धन शाहिरांनी एका रंगमंचावर आणले आणि तरुणांची फळी घडवली. भरत जाधव, अंकुश चौधरी यांच्यासारखे कलावंत याच लोकधारेतून पुढे आले. शाहिरांना १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या दिवशी सरांनी मला पत्र लिहिले होते. त्यात स्वतःच्या प्रकृतीविषयी एक ओळ आणि बाकी सारा मजकूर शाहिरांविषयी होता.

शाहीर २० मार्च २०१५ रोजी गेले. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहिरांनी गायिलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले, हे पाहायला सरही उरले नव्हते. आपल्या प्रार्थनेच्या ओळींत उभे राहून हे गीत सरांच्या पेटीवर आम्ही म्हटले आहे, याचा मला त्या दिवशी अतिशय अभिमान वाटला.

गेल्या वर्षी शाळेत आलो, तेव्हा जुन्या सभागृहाच्या जागी नवी इमारत दिसली. ती सुंदर आहे. पण संगीताचा तास वेळापत्रकात नाही आणि संमेलनात मुले तयार ध्वनिफितीवर नाचतात, हे ऐकून फार वाईट वाटले. सरांच्या कन्येने त्यांच्या सर्व तबकड्या माझ्याकडे सोपवल्या आहेत. त्या स्वच्छ करून त्यांचे डिजिटल रूपांतर करण्याचे काम माझ्या स्टुडिओत सुरू असून महोत्सवाच्या सांगता समारंभापूर्वी तो संच शाळेच्या ग्रंथालयात पोहोचेल. सोबत एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक डफही देत आहे. आठवड्यातून एक तास मुलांना हे ऐकू द्यावे, अशी संस्थाचालकांना माझी नम्र विनंती आहे; शिकवायला मी स्वतः येईन.