तताये यांच्या मांडवाखाली

दीडशे लेय, म्हणजे आपले जवळपास तीन हजार रुपये भरून आम्ही एका मोठ्या वायनरीत पाच वाइन चाखायला बसलो आणि पाचातल्या चार फ्रेंच जातींच्या निघाल्या. कॅबर्ने, मर्लो, शार्दोने, सोव्हिन्यों ब्लां. ह्या तर नाशिकलाही मिळतात. मी रोमानियात आले होते ती फेत्यास्का या तिथल्या देशी द्राक्षासाठी. ती पाचव्या पेल्यात आली, तोवर पुढच्या बसमधली मंडळी दारात येऊन उभी राहिली होती आणि आम्हाला उठावं लागलं. वाइन ओतणाऱ्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, परदेशी पाहुण्यांना ओळखीची नावं लागतात.

हे मला फार लागलं. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग होती. सोनाका, थॉमसन, शरद ही नावं मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेली. वाण हे शेतकऱ्याच्या घरातलं माणूस असतं, त्याचे लाड आणि त्याची दुखणी सगळ्यांना पाठ असतात. आणि रोमानियातल्या द्राक्षांची नावं तर अशी आहेत की ऐकतच राहावं. फाता म्हणजे मुलगी, त्यावरून फेत्यास्का. ती तीन रूपांत भेटते: आल्बा म्हणजे गोरी, रेगाला म्हणजे राजेशाही आणि न्याग्रा म्हणजे काळी. बाबा म्हणजे म्हातारी, त्यावरून बाबेआस्का न्याग्रा, म्हातारीचं काळं द्राक्ष. तमियोआसा हे नाव धूपावरून आलं आहे आणि बुसुयोआका हे आपल्या तुळशीच्या भावंडावरून, म्हणजे सब्जाच्या झाडावरून. पावणेदोन लाख हेक्टरांहून जास्त द्राक्षं असलेल्या देशाने पाहुण्यापुढे ही नावं ठेवायला संकोचावं, हे मला पटत नाही.

बुखारेस्टचे दोन दिवस पावसात गेले. मग सहा-सात तासांच्या रेल्वेप्रवासाने याश आणि तिथून कोत्नार. कोत्नारबद्दल थोडं सांगायलाच हवं. पंधराव्या शतकातल्या श्तेफान चेल मारे या मोल्दावियाच्या राजाशी या गावाच्या वाइनचं नाव जोडलेलं आहे. इथलं द्राक्ष ग्रासा दे कोत्नार, ग्रासा म्हणजे जाडी, लठ्ठ. शरद ऋतूत सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं हवामान जमून आलं की या घडांवर करडी बुरशी धरते आणि ती हे लोक मुद्दाम धरू देतात. बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर आत दाटते. तपकिरी, सुरकुतलेले, वरून राखाडी लव आलेले ते मणी पाहून माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे असा एक घड दिसला तर वडील रात्रभर झोपले नसते. मग त्याची वाइन प्यायले. मधासारखी, पण शेवटी जिभेवर एक आंबट रेघ ओढून जाणारी. मान्य केलं.

पण हे सगळं लिहायला बसले ते द्यालु मारेमुळे.

द्यालु मारे म्हणजे मोठी टेकडी. बुखारेस्टच्या उत्तरेला प्लोएश्तपासून बुझाऊच्या दिशेने गेलं की कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या लागतात, दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खाणाऱ्या. पंचेचाळिसावा अक्षांश इथून जातो आणि बोर्दोही त्याच्या जवळच आहे, हे इथे जो तो सांगतो. याच टेकड्यांतल्या कित्सोरान गावात १८८४ साली रोमानियात पहिल्यांदा फिलॉक्सेरा सापडला. मुळं खाणारी ही सूक्ष्म कीड युरोपभर बागा संपवत आली होती. उपाय एकच निघाला, अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलम. आमच्याकडे क्षार आणि पाणीटंचाई सोसावी म्हणून डॉगरीज नावाच्या खुंटावर कलम करतात, त्यांच्याकडे किडीमुळे करावं लागलं. खुंट मात्र दोघांकडचे अमेरिकेतून आलेले.

माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण याच भागातली. तिचे आजोबा उर्लात्सजवळच्या एका खेड्यात राहतात. आजोबांना तिकडे तताये म्हणतात आणि आजीला ममाये, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. फाटक उघडलं आणि मी जागीच थांबले. अख्ख्या अंगणावर द्राक्षाचा मांडव. वाटेवरच्या बागांत सगळीकडे तारांच्या रांगा दिसल्या होत्या, मांडव मात्र इथे, घराच्या दारात. खाली टेबल, बाक, पिंप, आणि वरून लोंबणारे लहान काळे घड. त्यांना स्ट्रॉबेरीसारखा वास. नावच कप्शुनिका, स्ट्रॉबेरीवरूनच पडलेलं. कीड आल्यानंतर खेड्यापाड्यांत अशा अमेरिकन रक्ताच्या वेली लावल्या गेल्या, कारण त्यांना ना कलम लागतं ना फारशी फवारणी. जाणकार त्यांच्या वाइनला नाक मुरडतात. मला तो वास आवडला.

फेत्यास्का न्याग्रा घरामागे होती, पंधरा-एक रांगा. आदल्या दिवशी तोडणी झालेली, कडेच्या दोन रांगा तेवढ्या राहिल्या होत्या. तताये यांनी एक मणी माझ्या बोटांत देऊन चिमटायला लावला. गर पांढराच. रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात आणि वर तरंगून आलेला चोथा दिवसातून दोनदा दांड्याने खाली दाबतात. माझ्या अंगठ्यावरचा जांभळा डाग तीन दिवस गेला नाही.

मी ओलांडा, म्हणजे वेलीचा तारेवर आडवा नेलेला फाटा, निरखत होते, काडीवर किती डोळे ठेवले ते मोजत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. मग खरं बोलणं सुरू झालं, मैत्रीण मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगत होती. ते वर्षातून एकदाच छाटतात, हिवाळा सरता सरता. मी सांगितलं, आमच्याकडे दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यांनी मैत्रिणीला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "अगं, मग वेल झोपते कधी?"

झोपत नाही, मी म्हणाले. आणि मला वडील आठवले. तेही झोपत नसत. अवकाळीच्या रात्री बॅटरी घेऊन बागेत उभे असत. लागोपाठ दोन वर्षं माल गेला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने बाग काढली आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

जेवायला मामालिगा होती, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, दोऱ्याने कापलेली. मी मांस खात नाही म्हटल्यावर ममाये "दे पोस्त" म्हणाल्या, म्हणजे उपासाचं, आणि भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची झाकुस्का पुढे आली. इतकी वाढली की ताटाचा काठ दिसेना. चाखण्याच्या त्या दीडशे लेयमध्ये सोबत तीन बिस्किटं होती.

तताये यांनी मोठ्या काचेच्या बरणीतून रबरी नळीने गेल्या वर्षीची फेत्यास्का काढली. सुकवलेल्या आलुबुखाराचा वास, मागून काळी मिरी. पेले भरले. पण ते प्यायले नाहीत. उठले, फरशीवरून चार पावलं चालून मांडवाच्या खोडाशी गेले, जिथे माती उघडी होती, आणि पेला तिरका करून दोन-तीन थेंब मातीत सोडले. टोपी काढलेली. मग येऊन बसले, "नोरोक" म्हणाले आणि घोट घेतला.

मैत्रीण म्हणाली, आमचे जे गेले त्यांच्यासाठी. इकडे सगळेच करतात.

तो आमचा पितृपंधरवडा होता. घरी भावाने वडिलांचं पान वाढलं होतं, फोटो सकाळीच आला होता. ताटाभोवती चित्राहुती घातल्याशिवाय वडिलांनी कधी घास घेतला नाही. मी पेला घेऊन उठले आणि अर्ध्यात थांबले. वडील माळकरी. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, वाइनच्या थेंबाला शिवले नाहीत. मी ते मैत्रिणीला सांगितलं, तिने आजोबांना. ते काही न बोलता आत गेले आणि आदल्या दिवशीच्या तोडणीचा गाळलेला रस घेऊन आले. मुस्त म्हणतात त्याला. गढूळ, गुलाबी, नुसती साखर. तो पेला त्यांनी माझ्या हातात दिला आणि खोडाकडे बोट केलं.

मी थेंब सोडले. माती कोरडी होती, लगेच प्यायली. परत आले तर जेवढं सांडलं तेवढं भरून काढायला तताये यांनी पेला पुन्हा काठोकाठ भरला.

निघताना ममायेंनी दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत मुस्त भरून दिला आणि झाकण घट्ट लावू नकोस असं तीनदा बजावलं. गाडीत मी दर अर्ध्या तासाने झाकण सैल करत होते, बाटली फुस्स करायची, समोरच्या बाई हसून मान डोलवायच्या. हॉटेलच्या खिडकीत ती रात्रभर उभी होती. सकाळी पेलाभर ओतला. रात्री गोडमिट्ट होता तो, आता त्यात बुडबुडे होते आणि जिभेला टोचू लागला होता.