झेक दगडांचं वाचन : टेक्सासमधली सहा महिन्यांची प्रगती

मार्चपासून आजवर पाहिलेले थडग्यांचे दगड ११४. मजकूर पूर्ण लागलेले ७१. जन्मगाव खात्रीने लागलेले २९. गेल्या वेळी लिहिलं तेव्हा हा शेवटचा आकडा ४ होता, म्हणून आज मोठ्या आनंदाने लिहायला बसलोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी ह्यूस्टनला राहतो. इथून पश्चिमेला दीड-दोन तासांवर फायेट काउंटी आहे. १८५० च्या दशकात मोराव्हिया आणि बोहेमिया या आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या प्रांतांमधून शेतकरी कुटुंबं गॅल्व्हेस्टन बंदरात उतरली आणि या भागात कापूस पिकवू लागली. दुबिना हे गाव १८५६ चं. प्राहा नावाचंही एक गाव आहे, चर्च आणि दफनभूमी सोडली तर फारसं काही उरलेलं नाही, कारण १८७३ मध्ये रेल्वे शेजारच्या फ्लाटोनियावरून गेली. या लोकांनी मागे ठेवलेले थडग्यांचे दगड वाचायचे, हा माझा छंद. गावाकडे असताना वीरगळ आणि देवळांच्या पायऱ्यांवरची अक्षरं वाचायचो, त्याचंच हे पुढचं पाऊल.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलभर एका शब्दाने मला छळलं. दगडावर जन्मगाव स्पष्ट कोरलेलं : त्रोयानोवित्सीख. मोराव्हियाचे जुने-नवे नकाशे धुंडाळले, पण असं गावच नाही. दुसऱ्या दगडावर लिख्नोव्ये, तेही नाही. मला वाटलं, कोरणाऱ्याचं चुकलं असेल. मग एका रात्री आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली, ‘मावशी साताऱ्यात आहे,’ आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. साताऱ्यात, पुण्यात. ज्याला मराठी येत नाही असा माणूस नकाशावर ‘पुण्या’ शोधत बसला तर त्याला कधी सापडणार? झेकमध्येही गावाच्या नावाचं सामान्यरूप होतं. गाव त्रोयानोवित्से, गावात म्हणजे त्रोयानोवित्सीख. लिख्नोवचं लिख्नोव्ये. फ्रेनश्टाटचं फ्रेनश्टात्ये. त्या आठवड्यात जुन्या फोटोंवरून अकरा गावं लागली. सगळी एकमेकांना लागून, मोराव्हियातल्या फ्रेनश्टाट या छोट्या शहराच्या आसपासची! म्हणजे शेजारची माणसं इथेही शेजारीच येऊन राहिली आणि शेजारीच पुरली गेली.

मराठी माणसाला ही भाषा काही बाबतींत इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. जन्मला-जन्मली तसं नारोझेन-नारोझेना. वारला-वारली तसं झेम्र्झेल-झेम्र्झेला. वर नाव झिजलेलं असलं तरी क्रियापदाच्या शेवटी ‘आ’ दिसला की ती बाई आहे हे कळतं. आडनावातही नवरा नोवाक, बायको नोवाकोवा. सुरुवातीला बहुतेक वेळा ‘झ्दे ओत्पोचीवा’ असतं, म्हणजे ‘येथे विसावला आहे’.

महिने फार सुंदर आहेत. ऑगस्टला सर्पेन, त्यात विळा आहे, कापणीचा. नोव्हेंबरला लिस्तोपाद, पानगळ. मेला क्व्येतेन, फुलांचा. अडचण एकच : जून म्हणजे चेर्वेन आणि जुलै म्हणजे चेर्वेनेत्स. जागा नाही म्हणून कोरणाऱ्याने नुसतं ‘चेर्व.’ लिहिलं की दोन्ही शक्य. अशा सहा दगडांवर मी वहीत दोन्ही महिने लिहून ठेवले आहेत. चर्चच्या नोंदी पाहिल्याशिवाय ठरवणार नाही.

पद्धतीबद्दल विचारणा झाली होती. तिरपा उजेड हाच खरा उपाय. दुपारी बाराला गुळगुळीत दिसणारा संगमरवर सकाळी बोलायला लागतो. दगड सावलीत असेल तर मुलगी हात-दीड हाताचा आरसा धरून बाजूने ऊन पाडते. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नाही. आपल्याकडे अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ फासायची सवय आहे, ती कृपा करून सोडा. तारेचा ब्रश तर नकोच नको. आणि आधी परवानगी मागा. मी प्रत्येक ठिकाणी मागितली, प्रत्येक ठिकाणी मिळाली.

काही दगडांवर खाली आद्याक्षरं असतात, ती आधी मी सोडून देत होतो. ती संस्थांची निघाली. यांची पहिली मोठी संस्था ‘चे.एस.पे.एस.’, १८५४ साली सेंट लुईसमध्ये स्थापन झालेली. महिन्याला वर्गणी द्यायची, आजारपणात आधार आणि मेल्यावर घरच्यांना पैसे. पण सगळ्यांना वर्गणी सारखीच. टेक्सासमधले सभासद तरुण, उत्तरेकडच्या जुन्या शाखांमधले वयस्क. तरुणांनी म्हाताऱ्यांइतकं का भरायचं, यावरून वाद झाला आणि १८९७ मध्ये टेक्सासवाल्यांनी ला ग्रेंज इथे स्वतःची ‘एस.पी.जे.एस.टी.’ काढली. तिथे वर्गणी वयाप्रमाणे. कॅथलिकांची संस्था वेगळी, १८८९ ची, आणि त्यांच्या बायकांची १८९४ ची. एस.पी.जे.एस.टी. आजही चालू आहे, मुख्य कचेरी टेम्पलला. गिरणगावात कोकणातल्या प्रत्येक गावाचं ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असायचं, त्याची मला फार आठवण झाली. परक्या मुलखात पहिली काळजी हीच : आपलं काही झालं तर खांदा कोण देणार?

जुलैत एका शाखेच्या हॉलमध्ये रविवारच्या जेवणाला गेलो. सॉसेज, बटाटे, खसखशीचे आणि जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव. जेवणानंतर टेबलं पुसली गेली आणि तारोकी सुरू झालं. चौपन्न पत्त्यांचा खेळ, त्यात बावीस हुकूम. शेजारी बसलेल्या आजोबांना मी माझे फोटो दाखवले. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचलं, आणि मी चार महिने ज्याला ‘र’ म्हणत होतो तो ‘र्झ’ कसा म्हणायचा ते तीनदा म्हणून दाखवलं. ‘माझ्या आजीची मोराव्हियन,’ ते म्हणाले, ‘मला तिच्याशी बोलण्यापुरती येते.’ आजी कधीच गेलेली. तरी त्यांनी ‘येते’ म्हटलं.

भाषा कधी बदलली तेही दगडच दाखवतात. एकाच कुंपणात आईबापांचा दगड झेकमध्ये आणि मुलांचा इंग्रजीत. माझ्याकडे अशी चौदा कुटुंबं झाली आहेत.

अडलेला दगड क्रमांक ८८. लहान मुलीच्या आईचा, डावा कोपरा फुटलेला. शेवट दिसतो : ‘-ओवित्सीख’. त्या परिसरात हा शेवट जुळणारी मला तीन गावं सापडली : त्रोयानोवित्से, बोर्दोवित्से आणि व्ल्चोवित्से. फुटलेल्या जागेवर कागद ठेवून इतर ओळींच्या अक्षरांएवढ्या खुणा केल्या. रोमन लिपीतली चार अक्षरं नीट बसतात, पाच दाटीवाटीने. त्रोयानोवित्सेला सहा लागतात, व्ल्चोवित्सेला तीन, बोर्दोवित्सेला चार. वहीत बोर्दोवित्से पेन्सिलीने लिहिलंय. डिसेंबरात सूर्य खाली असताना पुन्हा जाणार आहे, तुटक्या कडेवर आधीच्या अक्षराचा एखादा पाय उरला असेल तर तेव्हाच दिसेल.