तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे दमायला होते तरी काय?

नातेवाईक विचारतात, जुन्या मैत्रिणी विचारतात, आणि आता शेजारीही विचारू लागले आहेत, की दिवसाचे चार-पाच तास शिकवायचे, वर्षातून मोठ्या सुट्ट्या मिळायच्या, तर मग संध्याकाळी एवढे दमायला होते तरी काय? प्रश्नामागे माया असते हे मला कळते, तरी तो ऐकला की मन खट्टू होते. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर देते.

वह्या तपासणे, टाचण लिहिणे, ऐनवेळी गळ्यात पडणारे बदली तास, हे सारे आहेच, पण तो शीण रात्रीच्या झोपेने जातो. मी नववीला विज्ञान शिकवते. तिथे एक वाक्य बोलून पूर्ण होईपर्यंत मला हेही ठरवायचे असते की खिडकीपाशी चाललेली कुजबुज थांबवावी की तिकडे दुर्लक्ष करावे, पहिल्या बाकावरची मुलगी मान डोलावते आहे ती समजले म्हणून की सुटका व्हावी म्हणून, आणि उरलेल्या वेळात हे उदाहरण सोडवून होईल का. मुरलेल्या शिक्षकांच्या हे अंगवळणी पडलेले असते. नवख्याला प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.

त्याहूनही जास्त दमवतात ते वर्गात अर्धवट राहिलेले प्रश्न. त्यांतला एक सांगते.

गतीचे नियम शिकवून झाले होते आणि उजळणी चालू होती. मी चेंडू वर फेकून झेलला आणि विचारले, ‘हातातून सुटल्यावर वर जाणाऱ्या चेंडूवर कोणते बल असते?’ वर्ग एका सुरात म्हणाला, ‘गुरुत्वाकर्षण!’ हवेचा विरोध सोडला तर उत्तर बरोबर होते. तेवढ्यात, एरवी हजेरीपुरतेच तोंड उघडणारा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘बाई, बल जर खालच्या दिशेने आहे, तर चेंडू वर कसा जातो? हाताचा जोर त्याच्यात शिल्लक असणार ना?’ सगळा वर्ग हसला. ‘एवढंही येत नाही याला,’ असे कुणीतरी म्हणाले. मी हसणाऱ्यांना गप्प केले, प्रश्न फार मोलाचा आहे असे सांगितले, खडू उचलला, आणि घंटा झाली. तो मुलगा खाली बसला होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर वर जाणारा, माथ्यावर पोहोचलेला आणि खाली येणारा असे तीन चेंडू काढले आणि प्रत्येकावरचे बल बाणाने दाखवायला सांगितले, कागदावर नाव न घालता. आदल्या दिवशी हसलेल्यांपैकी बहुतेकांनी वर जाणाऱ्या चेंडूला वरच्या दिशेचा बाण काढला होता. मग मी त्यांना सांगितले की फेकणाऱ्याचा जोर वस्तूत शिल्लक राहतो, हे मत सहाव्या शतकात फिलोपोनस या ग्रीक तत्त्वज्ञाने आणि चौदाव्या शतकात ब्युरिदाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने मांडले होते, आणि न्यूटनचे नियम प्रसिद्ध झाले ते १६८७ साली. वेग टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागते. वर जाताना चेंडूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदाने घटतो, तो त्याच खालच्या दिशेच्या बलामुळे. मुले आपापले बाण खोडू लागली. इतका जिवंत तास मला या वर्षी दुसरा मिळालेला नाही. तो मुलगा मात्र वहीतून मान वर काढत नव्हता, आणि त्यानंतर त्याने आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही.

शिक्षक होण्याआधी मी ठामपणे म्हणत असे की विषय पक्का असला की वर्ग आपोआप हाती येतो. तेव्हाचे माझे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही, कारण विषय पक्का नसता तर त्या प्रश्नाची किंमतच मला कळली नसती. पण त्या हसण्याचे काय करायचे, हे विषयाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘मुलं विसरतात, तुम्हीही विसरा.’ मुले विसरतात यावर माझा विश्वास नाही, आणि तरीही त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे.

मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. मी आता थांबते. पुढे राहिलेला अभ्यासक्रम दिसत असताना तीन सेकंदांची शांतता फार जड जाते, पण त्या शांततेत दोन-तीन नवे हात वर येऊ लागले आहेत. मागच्या बाकावरचा अजून आलेला नाही.

मग सोडून का देत नाही, असेही पुढे विचारले जाते. सोडावेसे वाटते ते गठ्ठ्यातल्या वह्या संपत नाहीत तेव्हा. वर्गात उभी असताना अजून कधी वाटलेले नाही. पुढच्या वर्षी ही दमणूक कमी होईल, असे सगळे सांगतात. ती कमी झाली तर मी सरावले असे समजावे की मुलांकडचे माझे लक्ष कमी झाले असे समजावे, हे मला आज सांगता येत नाही.