डाव्या पायाची करंगळी, अंक पाचवा

मंडळी, बूट हरले. मागच्या वेळी ज्या नव्या बुटांचं मी तोंड भरून कौतुक केलं होतं, तेच. शनिवारी मिनेसोटातल्या मिल लॅक्स या गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेले, सकाळी सातला उणे २६ होतं आणि साडेनऊला माझी करंगळी पुन्हा गेली. गेली म्हणजे जागेवर आहे, पण बूट काढून पाहिलं तर मेणबत्तीसारखी पांढरी, आणि चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखं वाटत होतं. हीटरसमोर धरायचा मोह झाला, पण बधिर कातडीला भाजलेलंही कळत नाही. चोळायचंही नाही. मांडी घालून बसले आणि बोट तळहातात धरून ठेवलं. दहा मिनिटांनी आधी मुंग्या, मग सुया, मग माझ्या तोंडून शिव्या.

बुटांच्या खोक्यावर उणे ४० लिहिलंय. त्या आकड्याला मी आता भुलणार नाही. तो बहुतेक चालणाऱ्या माणसासाठी असावा. आपण बादलीवर बसून टिप-अपकडे (मासा लागला की झेंडा वर करणारा गळ) बघत राहतो. दुकानदाराने पावती असूनही परत घ्यायला नकार दिला, कारण ‘तळव्याला बर्फ लागलाय.’ बर्फावरच्या बुटांना अजून काय लागायचं होतं?

आता खरी गोष्ट. घरी आल्यावर दोन्ही बुटांची आतली नमद्याची अस्तरं काढली आणि सहज किचनच्या काट्यावर ठेवली. निघायच्या आदल्या रात्रीही वजन केलं होतं (हसू नका, सत्तू ज्या काट्यावर मोजते त्याच काट्यावर). डावं अस्तर ३८ ग्रॅमने वाढलेलं, उजवं ३१ ने. बाहेरून बूट कोरडे ठणठणीत. म्हणजे हे पाणी तळ्यातलं नाही, माझंच आहे.

मग सकाळ आठवून पाहिली. गाडीपासून जागेपर्यंत वीस मिनिटं स्लेड ओढली. त्यावर हब शेल्टर (घडीचा तंबू), हीटर, दोन सिलिंडर, बादली, आमिषाच्या मिनो माशांचा डबा. मग ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, चार भोकं. बर्फ १५ इंच होता. पायी चालायला ४ इंच स्वच्छ बर्फ हवा असं डीएनआर, म्हणजे राज्याचं निसर्गसंपदा खातं, सांगतं, त्यामुळे ती चिंता नव्हती, पण १५ इंच म्हणजे हाताला मेहनत. तोवर मी जॅकेट उघडून फिरत होते, इतकी गरम झाले होते. पाय मात्र उघडता येत नाहीत. तो सगळा घाम मोज्यातून अस्तरात गेला, आणि मी बसल्यावर तिथेच गारठला. गेले दोन हिवाळे मी जाड मोज्यांवर जाड मोजे चढवत होते. त्याने बूट घट्ट होऊन रक्त अडत होतं आणि घाम वाढत होता, म्हणजे दुहेरी मूर्खपणा. पायाला चिकटवायची उष्णतेची पाकिटंही त्याच कारणाने फसली असणार. त्यांच्यातली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनवर तापते, आणि माझ्या बुटात हवा होतीच कुठे? बॅटरीवर तापणाऱ्या मोज्यांबद्दल तर काही लिहीतच नाही. पहिल्या तासात घोटा भाजला आणि बोटं थंडच राहिली.

शेजारच्या आजोबांना हे सांगितलं तर ते घरात गेले आणि पावाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन आले. मिनेसोटात त्यांच्या लहानपणी सगळी पोरं शाळेत जाताना मोज्यावर पावाची पिशवी चढवायची म्हणे. मला चिपळूणचा पावसाळा आठवला, तिथे आम्ही पिशव्या डोक्यावर चढवायचो. तत्त्व साधं आहे: पातळ मोजा, त्यावर पिशवी, त्यावर लोकरीचा मोजा. घाम पिशवीच्या आतच अडतो, बाहेरची लोकर आणि अस्तर कोरडं राहतं. ऊब धरायचं काम त्यांचंच.

रविवारी उणे २१ असताना जवळच्या व्हाइट बेअर तळ्यावर चाचणी घेतली. डाव्या पायाला पिशवी, उजव्याला नाही. चार तास. घरी येऊन काटा: उजवं अस्तर २९ ग्रॅम, डावं २ ग्रॅम! मी किचनमध्ये ओरडले, तर नवऱ्याला वाटलं काट्यावर मी स्वतः उभी आहे. करंगळी शेवटपर्यंत गुलाबी होती. उलट उजवी तक्रार करू लागली, जी आजवर कधी बोलली नव्हती.

पण आतला पातळ मोजा चिंब झाला होता आणि पिशवी काढल्यावर आलेला वास... असो. त्यामुळे नवा नियम: शेल्टर उभं झालं, भोकं पडली, की आधी बूट काढून पातळ मोजा आणि पिशवी दोन्ही बदलायचे, मगच गळ टाकायचा. कोरडे मोजे जॅकेटच्या आतल्या खिशात, ऑगरच्या जादा बॅटरीच्या शेजारी. तिलाही थंडी सोसत नाही.

दुसरा चोर हीटर. एक पौंडाच्या सिलिंडरमधला प्रोपेन पूर्ण जळला की सुमारे पाऊण लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. हे मी कागदावर गणित करून पाहिलं आणि मग छताकडे पाहिलं. ठिबकत होतं. हातमोजे त्याच थेंबांखाली वाळत घातले होते मी! आता वरच्या दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या ठेवते. कार्बन मोनॉक्साइडसाठी त्या तशाही उघड्या हव्यात, आणि अलार्म गळ्यातच असतो. बारीक आचेवर, ४,००० बीटीयूवर, सिलिंडर पाच तासांच्या वर जातो. मोठ्या आचेवर अडीच तासही नाही, आणि डोकं तेवढं भाजून निघतं. डोक्याच्या उंचीवर २२ अंश होते, आणि बुटाशी तोच थर्मामीटर उणे ४. तेवढ्यासाठी मोठी आच लावण्यात काही अर्थ नाही.

म्हणून पाट. हो, जेवायला बसायचा पाट. आईने येताना बळेच सामानात घातला होता, पितळी फुल्यांचा, आणि आठ वर्षं कपाटामागे उभा होता. खाली फोमची चटई, वर पाट, त्यावर पाय. बर्फापासून जेमतेम दोन इंच उंची, पण तळव्यात फरक लगेच कळतो. बाजूच्या शेल्टरमधल्या माणसाने विचारलं, हे काय? म्हटलं, डायनिंग टेबल.

आणि झारा! तुमच्यापैकी ज्यांनी भोकातला बर्फाचा चुरा काढायला दुकानातले स्किमर घेतलेत त्यांना सांगते, घरचा भज्यांचा झारा उत्तम. भोकातला चुरा एका फेरीत वर येतो, दांडा लांब, हात ओला होत नाही. हात कोरडा राहिला की अर्धी थंडी तिथेच गेली. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या स्किमरचा दांडा माझ्याकडे दुसऱ्याच वेळी तुटला होता.

मासे? शनिवारी तीन पर्च, वॅक्सवर्म अळीच्या आमिषावर. एक वॉलाय भोकाच्या कडेपर्यंत येऊन, माझ्याकडे बघून परत गेला. रविवारी एकच पर्च, पण त्याला आलं-लसूण, कोकम आणि रवा लावून तळला, तेव्हा चांगला गेला म्हणायचा.

पुढचा बेत असा होता की पाटाला चार पाय ठोकायचे. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, पाय उंच केले तरी वारा खालून येणारच. त्यापेक्षा जुनी गोधडी अर्धी दुमडून पिशवी शिवावी, बाहेरून ताडपत्री, आणि दोन्ही पाय बुटांसकट गुडघ्यापर्यंत आत. सुती गोधडी ओली झाली की संपली, म्हणून ताडपत्री तळाशी दुहेरी. फक्त टिप-अपचा झेंडा वर झाला की धावायचं असतं, आणि पिशवीत पाय असताना धावणं म्हणजे शाळेतली पोत्याची शर्यत. तेव्हा पुढून उघडी, कडेला वेलक्रो. नाही, वेलक्रो बर्फाने भरतं. दोन मोठ्या गुंड्या आणि नाडीचे फास, हातमोज्यातूनही निघतील असे.

शनिवारी उणे ३० सांगितलंय. दाभण सापडलंय, ताडपत्री गॅरेजमध्ये आहे. शेजारच्या आजोबांनी आजच अजून सहा पिशव्या दारात ठेवल्या. एकीत अजून पावाचे दोन तुकडे आहेत.