समुद्रसपाटीवरून अन्नपूर्णेच्या पायथ्याशी: गोव्याहून जाणाऱ्यांसाठी

सत्तरी, डिचोली, फोंडा या भागांत पावसाळा लागला की पाठीला पिशवी लावून डोंगरात जाणारे पुष्कळ आहेत. चोर्ल्याच्या धबधब्यांच्या वाटा, वाघेरी, पारोड्याचा चंद्रनाथ यांनी पाय तयार झालेले असतात. त्यामुळे नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पचं नाव निघालं की हमखास ऐकू येतं, "आपण रोज चढतो, आठवड्यात उरकून येऊ." आम्ही नुकतेच तिथे जाऊन आलो आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: पाय कितीही पक्के असले तरी दिवस जास्त ठेवा. गोव्यातली सर्वांत उंच शिखरंही हजार-अकराशे मीटरच्या आसपासची. बेस कॅम्प आहे 4130 मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या किनाऱ्यावरच्या मानाने साधारण साठ टक्केच असतो. ही कमतरता व्यायामाने भरून निघत नाही, वरच्या हवेत काढलेल्या रात्रींनीच निघते.

जायचा उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे आपली चवथ आटोपल्यावर. आम्ही नरकासुर जाळून झाल्यावर निघालो. मोपाहून दिल्लीपर्यंत विमान, पुढे गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सुनौली आणि सीमा पायी ओलांडून भैरहवा. भैरहव्याहून बुटवल, पाल्पा करत पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग वळणावळणांचा आहे. घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं. खिसा परवानगी देत असेल तर दिल्लीहून काठमांडूला विमानाने जाणं सोपं. पण मला हा जमिनीवरचा रस्ता आवडला, कारण तराईची सपाट भातशेती संपून डोंगर उभे राहताना दिसतात.

कागदपत्रांबाबत गाफील राहू नका. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. सर्वसाधारण प्रौढ प्रवाशाला विमानाने जाताना आधार कार्ड चालत नाही. गोव्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. आपल्याकडे घराघरांत कुणीतरी पोर्तुगीज पासपोर्टवाला असतो. आमच्यासोबतही एक मैत्रीण होती. अशा माणसाला नेपाळ परदेशी म्हणूनच मोजतो: पंधरा दिवसांच्या व्हिसाला 30 डॉलर, तीस दिवसांच्या व्हिसाला 50 डॉलर. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना 1000 नेपाळी रुपयांत मिळतो, तिला 3000 लागले. नेपाळी रुपयाचा दर ठरलेला आहे, भारतीय शंभराला नेपाळी एकशे साठ. शंभराच्या नोटा सोबत ठेवाव्यात. दिवाळीच्याच सुमारास तिकडे तिहार असतो, सरकारी कार्यालयं बंद असतात, तेव्हा परवान्याचं काम सणाच्या आधी किंवा नंतर येईल असं बघा. 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरांनी परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम आहे. वाटेवर तपासणी कडक असो वा नसो, गाइड घ्याच. आमच्या गाइडला आम्ही दाई, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, म्हणायचो. त्याच्यामुळेच आमची सहल नीट झाली, ते पुढे सांगते.

सरावासाठी पणजीत राहणाऱ्यांना आल्तिनोची चढण रोज पुरेशी आहे. सुट्टीच्या दिवशी आठ किलोची पिशवी घेऊन चंद्रनाथ दोनदा चढा आणि, हे महत्त्वाचं, दोनदा उतरा. गुडघे चढताना नव्हे, उतरताना दुखतात. म्हादई अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी काढून जा. बूट पावसाळ्यातच घेऊन ठेवा आणि चिखलात वापरून मऊ करा. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग इथून विकत घेऊ नका. गोव्यात ती परत कधी लागणार? पोखऱ्याला लेकसाइडच्या दुकानांत दोन्ही भाड्याने मिळतात. सुती बनियन मात्र घरीच ठेवा. घामाने भिजलेलं सूत वर गेल्यावर अंगावर गार पडतं.

वाट निवडताना लोक सर्वांत जवळची बघतात: झिनूमार्गे थेट चोमरोंग. मी घोरेपानीमार्गेच जा म्हणेन. जीप उल्लेरीपर्यंत जाते, पण आम्ही खाली तिखेढुंग्याला उतरून उल्लेरीच्या तीन हजारांहून जास्त दगडी पायऱ्या चढलो. पुढे ऱ्होडोडेंड्रॉनचं जंगल, मग घोरेपानी, आणि पहाटे 3210 मीटरवरचा पून हिल. समोर 8167 मीटरचा धौलागिरी उजळतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण या वळशाचा खरा फायदा वेगळाच आहे. इथे शरीराला उंचीची पहिली ओळख होते आणि मग चोमरोंगला 2170 मीटरवर उतरून विश्रांती मिळते. दोन दिवस जास्त जातात, आणि तेच पुढे कामी येतात.

चोमरोंगपासून पुढे मोदी खोला या नदीची दरी अरुंद होत जाते. सिनुवा, बांबू, दोभान, हिमालय, देउराली असे मुक्काम आहेत. बांबूच्या आसपासचं ओलं जंगल बघून सत्तरीचीच आठवण येते. पावसाळ्यात इथे जळवाही आपल्यासारख्याच लागतात. चोमरोंगच्या वर मांस नेत नाहीत, कारण आतला सगळा प्रदेश देवतेचं स्थान मानतात. आमच्यातल्या सत्तरीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांच्या गावात देवराई आहे, जिथली काठीही घरी आणत नाहीत, त्यांना अशी मर्यादा घरचीच वाटते. मासळीशिवाय काही दिवस काढायचे एवढंच. डाळ-भात दोन वेळा पोटभर वाढतात, मागाल तेवढा. घरून भिरंडाची वाळवलेली सोलं नेली होती, ती गरम पाण्यात साखर-मीठ घालून संध्याकाळी प्यायचो. तोंडाला चव नसताना त्यासारखं दुसरं काही नाही. एका लॉजमधल्या दिदीला इतकं आवडलं की उरलेली पुडी तिला देऊन टाकली.

आता उंचीबद्दल. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. देउराली आहे 3230 मीटरवर, तिथून बेस कॅम्प नऊशे मीटर वर. बहुतेक गट हे एका दमात करतात. देउरालीला आमच्यातल्या केरीच्या मुलाचं डोकं दुखायला लागलं. सर्वांत जोरात चालणारा तोच होता, आणि असंच होतं: जोरात चालणारा लवकर वर पोचतो आणि शरीराला वेळ मिळत नाही. दाईने त्याला सरळ रेषेत पावलं टाकायला लावली, भूक आहे का विचारलं, आणि निर्णय सांगितला: "भोलि यहीं बस्ने," म्हणजे उद्या इथेच थांबायचं. दुसरा दिवस आम्ही तिथेच पाणी आणि सूप पीत काढला. संध्याकाळपर्यंत दुखणं गेलं. नसतं गेलं तर खाली उतरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर रात्र पडायची वाट बघायची नाही, लगेच उतरायचं. उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारा, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. विमा काढताना चार हजार मीटरच्या वरचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर त्यात आहे का, ते वाचून घ्या.

देउराली ते माछापुछ्रे बेस कॅम्प हा टप्पा सकाळीच पार करा. बाजूच्या कड्यांवरून हिमस्खलन येतं. जानेवारी 2020 मध्ये याच भागात दक्षिण कोरियाचे चार शिक्षक आणि त्यांच्यासोबतचे नेपाळी सोबती गाडले गेले होते. आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ असेल तर वर जाऊ नका. ऑक्टोबर 2014 मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुडहुडच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णेच्या मागच्या बाजूला चाळीसहून अधिक जीव घेतले. समुद्राकडचं हवामान बघायची आपल्याला सवय आहे, तीच तिथे वापरा.

आम्ही 3700 मीटरवरच्या माछापुछ्रे बेस कॅम्पलाच झोपलो आणि अंधारात बॅटऱ्या लावून वर निघालो. हीच योजना मी सर्वांना सुचवेन. पोचलो तेव्हा 8091 मीटरच्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर पहिलं ऊन उतरत होतं. आठ हजार मीटरच्या वरच्या शिखरांपैकी माणसाने सर्वांत आधी चढलेलं ते हेच, 3 जून 1950 रोजी. मागे माछापुछ्रे, 6993 मीटर. 1957 साली ब्रिटिश गिर्यारोहक त्याच्या टोकापासून दीडशेएक फुटांवरून मागे फिरले आणि पुढे नेपाळने ते चढाईला बंदच केलं. चारी बाजूंनी भिंती आणि मध्ये आपण. तिथे बोलावंसं वाटत नाही, खूप वेळ नुसतं बघत राहावंसं वाटतं. थंडीचं भान ठेवून तेवढा वेळ घ्या.

उतरताना झिनूला गरम पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसा. तिथून जवळच लांबलचक झुलता पूल आहे, तो ओलांडला की जीप मिळते. भरिया, म्हणजे सामान वाहणारा हमाल, घेतला असेल तर दोघांत एक पुरतो. त्याच्या पाठीवरचं सामान वीस किलोच्या आत ठेवा, त्याच्याकडे उबदार कपडे आहेत का ते निघतानाच बघा आणि बक्षिशी थेट त्याच्या हातात द्या.

परतीच्या तिकिटाचं एक सांगायलाच हवं. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते. तोपर्यंत पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहतात, आणि नंतर आठवडाभर मुंबई-दिल्लीकडे परतणाऱ्या. गोरखपूरहून आरक्षण खुलं होताच, म्हणजे साठ दिवस आधी तिकीट काढा आणि ते ट्रेक संपवून पोखऱ्याला परत पोचायच्या तारखेनंतर किमान तीन दिवसांनी काढा. देउरालीसारखा एक दिवस थांबावं लागलं, तर गाडी चुकेल या भीतीने कुणी डोकं दुखत असताना वर चढू नये.